ग्लॅडिसचा फ्रिज

वकिलाचं पत्र आलं तेव्हा परीक्षित दाबकेने ते उघडलं नाही. चार दिवस ते मायक्रोवेव्हच्या मागे उभं करून ठेवलं आणि पाचव्या दिवशी मला फोन केला.

"नीना, जरा येतेस का? सॉलिसिटरचं लेटर आलंय. अलका म्हणते उघड. मला वाटतं, उघडताना कुणी विटनेस असलेला बरा."

मी इंग्लंडात बेसिंगस्टोकला हॉस्पिटलात तीस वर्षं सिस्टर होते. रिटायर झाल्यापासून आमच्या भागातल्या मराठी घरांतली धडकी भरवणारी सगळी पाकिटं माझ्या हातून उघडली जातात. स्कॅनचे रिपोर्ट, मुलांचे रिझल्ट, कौन्सिलच्या नोटिसा. दाबक्यांचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. मी कार्डिगन अडकवलं आणि निघाले.

पत्र त्यांच्या शेजारच्या डेनिस ब्रॅमलींबद्दल होतं. डेनिस जुलैमध्ये गेले, एकोणनव्वदाव्या वर्षी. घर त्यांनी डेव्हनच्या भाचीला ठेवलं होतं. परीक्षितच्या वाट्याला मृत्युपत्रातलं एकच कलम आलं होतं, ते मी वाचून मराठीत सांगितलं. माझी कासवी ग्लॅडिस, तिचं टेबल, तिचा दिवा आणि तिचा छोटा फ्रिज मी परीक्षितला देतो, कारण माझ्या ओळखीत जीव लावून काळजी करणारा तेवढा एकच माणूस आहे.

आधी अलका हसली, मग मी हसले. परीक्षित हसला नाही.

"फ्रिज कशाला?" त्याने विचारलं.

आमच्या मराठी मंडळात तोवर बातमी पोचली होती की दाबक्यांना म्हाताऱ्याने घर दिलं. पुढचे दोन महिने बायका अलकाला विचारत होत्या, बेडरूम्स किती गं? ती म्हणायची, एकच, फ्रिजएवढी, आणि आत दोन शेल्फ आहेत.

परीक्षित मूळचा नागपूरचा. त्याच्या आईने पोथीतलं नाव हौसेने ठेवलं. तक्षकाच्या भीतीने एका खांबावर महाल बांधून बसलेला तो राजा. शेवटी फळातून अळी निघाली आणि तिचाच साप झाला. "एवढी सिक्युरिटी, पण फळं कुणी चेक केली नाहीत," असं परीक्षित अगदी गंभीरपणे सांगतो. एका बिझनेस पार्कमध्ये तो सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने बनवलेलं कुठे आणि कसं मोडेल हे आधी शोधायचं, हे त्याचं काम. ते तो घरीही आणतो. मंडळाच्या गणपतीला सगळे मोदक आणतात, हा आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन येतो. पिकनिकला निघताना गॅस बंद आहे का बघायला दोनदा अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवलेली मी स्वतः पाहिली आहे, मी मागच्या सीटवर होते आणि माझ्या मांडीवर गरम पुलावाचं पातेलं होतं.

खरं सांगायचं तर परीक्षित बोलायला लागला की आम्ही ऐकत नसू. मान हलवायची आणि ताटात लक्ष घालायचं. बारा महिने चोवीस तास काळजी करणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार?

डेनिसनी ऐकलं होतं. दाबके नव्याने राहायला आले त्या हिवाळ्यात याने शेजारची बेल वाजवून सांगितलं की तुमच्या बॉयलरच्या पाइपातून कालच्यापेक्षा कमी वाफ येते आहे. इंग्रज शेजारी पहिली दहा वर्षं हवेबद्दलच बोलतो. डेनिस चक्रावले, पण इंजिनीअर बोलावला आणि बॉयलर खरंच धोक्याचा निघाला. तेव्हापासून दर नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला, ते परीक्षितला घरी बोलावत आणि एकच जुना ब्लॅक अँड व्हाइट विनोदी सिनेमा लावत. कुणाला तरी ध्यानीमनी नसताना वारसा मिळतो आणि सगळ्यांची तारांबळ उडते, अशी गोष्ट. डेनिस खोकला येईपर्यंत हसायचे. परीक्षित पुढे वाकून बसायचा. "त्यांनी आधीच वकिलाला विचारायला हवं होतं," असं तो दर वर्षी म्हणायचा, आणि डेनिसना सिनेमापेक्षा त्याचंच जास्त हसू यायचं.

ग्लॅडिस सप्टेंबरमध्ये आली, कडांना फळ्या लावलेलं राहायचं टेबल आणि उबेचा दिवा घेऊन. डेनिसच्या बायकोने लग्नाच्या वर्षी बाजारातून आणलेली, म्हणजे परीक्षितपेक्षा तीन वर्षांनी मोठी. आकाराने पोळपाटाएवढी नाही, साधारण फुलक्याएवढी. अलकाने पहिल्याच दिवशी तिच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं, देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं तशी ही आपल्या दारात आली म्हणून. परीक्षितने ते ओल्या फडक्याने पुसून काढलं. "केमिकल असतं त्यात."

"कासवी पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवते म्हणतात," अलका म्हणाली. "तुला काय करणार आहे ती?"

सरपटणाऱ्या प्राण्यांची त्याला लहानपणापासून भीती. पहिला आठवडा त्याने तिला ओव्हनचे हातमोजे घालून उचललं. दुसऱ्या आठवड्यात एक मोजा गेला. ऑक्टोबरात मी गेले तर हा बागेतल्या ओल्या गवतात गुडघे टेकून डँडेलियनच्या तणाची पानं खुडत होता, आणि ग्लॅडिस त्याच्या चपलेवर पाय ठेवून वाट बघत होती. इतका निवांत मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मग नोव्हेंबर आला आणि फ्रिजचा उलगडा झाला. अशी कासवं हिवाळाभर झोपतात. जुन्या काळी लोक त्यांना गवताच्या पेटीत शेडमध्ये ठेवत, पण इथल्या हवेचा भरवसा नाही, म्हणून हल्ली फ्रिजमध्ये ठेवतात. डेनिसनी थरथरत्या अक्षरात कागद लिहून ठेवला होता. पाच डिग्री. तीनच्या खाली जाऊ द्यायचं नाही. गोठली तर आधी डोळे जातात, मग ती जाते. रोज एकदा दार उघडून हवा द्यायची. दर रविवारी वजन करायचं.

दाबक्यांच्या गॅरेजमध्ये त्यांचा स्वतःचा एक मोठा फ्रिज होता, त्याच्या शेजारी ग्लॅडिसचा छोटा बसला. आत मातीच्या पेटीत ग्लॅडिस. बाहेर वायर लावलेला थर्मामीटर, तापमान चुकलं की बीप करणारा. परीक्षित दिवसातून आठ वेळा बघायचा. "नीना, प्रॉब्लेम हा आहे की झोपलीय का गेलीय हे बाहेरून सेमच दिसतं," तो मला सांगायचा. रात्री झोप लागत नव्हती त्याला. वजन कमी झालं. ग्लॅडिसचं नाही, याचं. अलका कंटाळून म्हणाली, या घरात सगळ्यात सुखी कोण असेल तर ती फ्रिजमधली बाई.

जानेवारीत अलकाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, शनिवारी दुपारी. बायकांचा कार्यक्रम, त्यामुळे पुरुषांना घराबाहेर काढणं भागच असतं. परीक्षित जायला तयार नव्हता. शुक्रवारी मी तयारीला गेले तेव्हा त्याने मला गॅरेजमध्ये नेऊन सगळं परत समजावलं. मीच विचारलं होतं, पाचच डिग्री का? तो सांगत होता आणि मी फोनवर वाणाच्या डब्यांची ऑर्डर बघत होते. शनिवारी दोन वाजता अलकाने त्याला कोट हातात देऊन बाहेर काढलं. "नीना आहे ना," ती म्हणाली. "तीस वर्षं पेशंट सांभाळलेत तिनं."

आता मी काय केलं ते सांगते. त्या वेळी दोन दिवस सांगितलं नाही, म्हणून आता नीट सांगते.

श्रीखंड माझ्याकडे होतं. ग्रीक योगर्टचं, तीस बायकांसाठी, आणि ते सैल झालं होतं. सैल श्रीखंड वाटीत घातलं की बायका तोंडावर छान म्हणतात आणि घरी जाताना गाडीत बोलतात. मोठा फ्रिज गच्च भरला होता. मी छोटा उघडला, ग्लॅडिसची पेटी खालच्या खणात सरकवली आणि वरच्या खणात पातेलं ठेवलं. आत हात घातला तर म्हणावा तसा गारवा नाही. मी बटण फिरवलं, दोनच्या आकड्यावरून पाचवर; आकडा जितका मोठा तितका गारवा जास्त. जनावर थंडीत झोपलंय, अजून थोडी थंडी लागली तर अजून गाढ झोपेल, असंच काहीसं मनात आलं असेल. दार बराच वेळ उघडं राहिल्यामुळे थर्मामीटर बीप करायला लागला. तोही मी बंद केला. वॉर्डात माझं निम्मं आयुष्य बीप बंद करण्यात गेलं आहे. हात आपोआप जातो.

अर्ध्या तासाने येऊन बटण मागे घेऊ असं ठरवलं होतं. मग बायका आल्या, उखाणे झाले, कुणाच्या तरी मुलीचं लग्न मोडल्याची बातमी निघाली. साडेपाचला श्रीखंड काढायला गेले, मस्त घट्ट झालं होतं. पेटी होती तिथे सरकवली, बटण दोनवर आणलं. बीप पुन्हा चालू करायचं विसरले.

परीक्षित सहाला आला आणि बूट न काढता गॅरेजमध्ये गेला. मी सिंकपाशी वाट्या विसळत होते. बराच वेळ तो बाहेर आला नाही, म्हणून अलका बघायला गेली, मागून मी. तो जमिनीवर बसला होता, मांडीवर मातीची पेटी. थर्मामीटरवर दोन पूर्णांक एक दिसत होतं. पण ते यंत्र दिवसातला सगळ्यात कमी आकडाही लक्षात ठेवतं, आणि तो होता उणे दीड.

"अलार्म ऑफ आहे," तो म्हणाला. "मी सकाळी साडेआठला हवा द्यायला दार उघडलं तेव्हा ऑफ केला असणार. आणि दार नीट लागलंय का ते बघितलं नाही. म्हणून कॉम्प्रेसर सतत चालू राहिला. आणि आज तयारीच्या गडबडीत नंतर पुन्हा बघायला आलोच नाही. मीच केलं हे."

मी सांगायला वळले. दारात चार बायका वाण हातात धरून उभ्या होत्या.

त्याने जनावरांच्या डॉक्टरांच्या इमर्जन्सी लाइनला फोन लावला, स्पीकरवर. तिथल्या बाईने पहिलाच प्रश्न विचारला, शून्याच्या खाली ती किती वेळ होती?

"आय डोंट नो," परीक्षित म्हणाला. "कदाचित सकाळपासून. आठ-नऊ तास."

ती म्हणाली, तसं असेल तर फार आशा धरू नका. आज थंड खोलीत ठेवा, उद्यापासून उबेत आणा, कोमट पाण्यात बसवा. तीन दिवसांत डोळे उघडून पाणी प्यायली नाही तर तिला आणखी त्रास द्यायचा का, ते ठरवू.

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे त्या गॅरेजमध्ये माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. किती वेळ, यावर तर पेशंटचं सगळं ठरतं. मला उत्तर माहीत होतं आणि मी गप्प उभी राहिले. लाज वाटली म्हणून, दुसरं काही नाही. ज्या बाईला सगळे पाकिटं उघडायला बोलावतात, तिला ते बोलवेना.

रविवारी सकाळी मी परत गेले. नर्स म्हणून मलाच बोलावलं होतं. परीक्षितने भांडी धुवायच्या उथळ टबमध्ये कोमट पाणी घेतलं होतं, कोपर बुडवून बघत होता, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं. ग्लॅडिसची मान आत ओढलेली, डोळे मिटलेले. मुलगी कस्तुरी केंब्रिजला लॅबमध्ये आहे, ती फोनवर होती.

"बाबा, हीटर जवळ नको आणू. तिचा बॉडी हळूहळू गरम झाला पाहिजे. तू स्लीप घेतलास का थोडा?"

"घेतला," परीक्षित खोटं बोलला.

वीस मिनिटं आम्ही दोघं त्या टबवर वाकून बसलो. काही झालं नाही. सोमवारी पुन्हा. मागचा एक पाय जरा हलला, पाण्याने हलला की तिने हलवला ते सांगता येईना. डोळे मिटलेलेच. परीक्षितने तिला टॉवेलमध्ये घेतलं आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"अँडोव्हरजवळ एक सारा म्हणून बाई आहे, सांभाळायला कुणी नसलेल्या कासवांचं रेस्क्यू चालवते. मी तिला फोन केला. वाचली तर ती घेऊन जाईल. पुढच्या आठवड्यात येणार आहे."

"अरे, पण का?"

"डेनिसला वाटलं, काळजी मला जमते. मला नाही जमत, नीना. इतकी वर्षं मी लोकांना छळलं, गॅस बघा, दार बघा, आणि ज्या दिवशी खरंच बघायचं होतं त्या दिवशी माझ्याच हातून राहिलं. मला ते सकाळचं मिनिट आठवतच नाही. मी दार लावलं का? आठवत नाही. मग मी आजवर जे काही चेक केलं ते खरंच केलं का?"

अठ्ठावन्न-एकोणसाठ वर्षांचा माणूस टॉवेलमधलं कासव धरून रडत होता. मी हॉस्पिटलात पुष्कळ रडणं पाहिलं आहे. माझ्यामुळे आलेलं नव्हतं पाहिलं.

"दार तू नीट लावलं होतंस," मी म्हणाले. "अलार्म मी बंद केला. बटणही मीच फिरवलं. श्रीखंड सैल होतं."

मला वाटलं आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

"अडीच."

"बटण कितीवर?"

"पाच."

"परत कधी आणलंस?"

"साडेपाच. श्रीखंड काढताना."

"पातेलं गार होतं की बाहेरचं?"

"बाहेरचं. किचनमध्ये होतं सकाळपासून. तीन लिटर तरी असेल."

त्याने ग्लॅडिसला माझ्या हातात दिलं आणि पाकिटाच्या मागे काहीतरी रेघोट्या मारल्या. त्याचे ओठ हलत होते. तीस वर्षं तो हेच करत आला आहे, कुठे मोडलं आणि किती वेळ मोडलेलं होतं.

"बाहेरचं पातेलं म्हणजे पहिला तास-दीड तास फ्रिजला तेच गार करण्यात गेला," तो म्हणाला. "मग आतलं तापमान शून्यावर उतरायला आणखी तासभर, म्हणजे शून्याखाली ती असेल पाऊण तास. फार तर तास. आठ तास नाही." तो उठलाच. डॉक्टरांना फोन लावला, तेच सगळं इंग्रजीत सांगितलं, आणि पलीकडून उत्तर आलं की मग गोष्ट वेगळी आहे, टबात बसवत राहा, घाई करू नका.

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. आवाज चढला नव्हता.

"शनिवारी त्यांनी विचारलं तेव्हा तू शेजारी उभी होतीस."

"हो."

"आणि शुक्रवारी मी सांगत होतो तेव्हा तू फोन बघत होतीस. मला दिसलं होतं. मला नेहमी दिसतं, नीना. सगळ्यांचंच दिसतं." त्याने ग्लॅडिसला माझ्या हातून परत घेतलं. "आता तू जा."

मी गेले. दोन गल्ल्यांचा रस्ता, पण मधल्या बाकावर बसावं लागलं. नंतरचे सहा दिवस मला कुणी बोलावलं नाही. मी फोन उशाशी घेऊन होते आणि दर थोड्या वेळाने स्क्रीन बघत होते. मी काळजी करणारी बाई कधीच नव्हते. लोक करतात, मी बघते, असं माझं होतं. त्या सहा दिवसांत मला कळलं की परीक्षित वर्षानुवर्षं कशात राहतो. जेवण जात नाही, आणि कुणाला सांगावं तर ऐकणारा ताटात बघतो.

सातव्या दिवशी अलकाचा मेसेज आला. ग्लॅडिसने डावा डोळा उघडला. पाणी प्यायली. साराला येऊ नको म्हणून सांगितलंय. उजवा डोळा पांढुरका झालाय, त्यानं दिसणार नाही म्हणतात. श्रीखंडाचं पातेलं आमच्याकडेच राहिलंय, घेऊन जा.

पातेलं आणायला गेले तेव्हा परीक्षितने दार उघडलं, बाजूला झाला, चहा विचारला. बोलला मोजकंच. पुढचे दोन महिने तसंच चाललं. मंडळात माझ्याबद्दल तो कुणाला अवाक्षर बोलला नाही, आणि ते मला जास्त लागलं. गुढीपाडव्याच्या जेवणात मीच सगळ्यांसमोर उठून सांगितलं, काय केलं ते. श्रीखंडाच्या वाट्या समोर होत्या. कुणी खाल्लं नाही बराच वेळ.

मेमध्ये त्याचा फोन आला. "नीना, येतेस का? सॉलिसिटरचं लेटर आलंय."

या वेळी पत्र टेबलावर होतं, उघडलेलं. ग्लॅडिस मागच्या बागेत गवतावर उन्हात बसली होती.

"मी विल केलंय," तो म्हणाला. "ती अजून तीस वर्षं सहज जगेल. आपण नाही. विटनेस म्हणून ऑफिसातले दोघे घेतले. तुला घेता येत नाही, कारण ज्याला काही मिळणार असतं त्याला सही करता येत नाही."

मला आधी कळलंच नाही. मग पत्र वाचलं. ग्लॅडिस, तिचं टेबल, तिचा दिवा आणि तिचा छोटा फ्रिज, परीक्षित आणि अलकानंतर, माझ्या नावे.

"अरे, मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे."

"माहितीये. तुझ्यानंतर कस्तुरी आहे. तू नसलीस तर डायरेक्ट कस्तुरी. सगळ्या केसेस कव्हर केल्यात."

"मग मधे मला कशाला घालतोस? ती पोरगी लॅबमध्ये काम करते, तिला सगळं येतं. मी तर ग्लॅडिसला मारलंच होतं."

"म्हणूनच," परीक्षित म्हणाला. "कस्तुरी हुशार आहे, पण तिच्या हातून अजून काही बिघडलेलं नाही. तू आता फ्रिजला हात लावायच्या आधी तीनदा बघशील."

मी बागेत गेले. कुंपणाशी डँडेलियन होतं, त्याचं एक पान तोडून ग्लॅडिसपुढे धरलं. ती हलली नाही. मग लक्षात आलं की मी उजवीकडे उभी आहे. पलीकडे जाऊन गुडघे टेकले आणि पान डाव्या बाजूला धरलं. तिने मान लांब केली. ती पूर्ण पान खाईपर्यंत मी तशीच बसून राहिले, आणि मग दार नीट लागलंय ना ते बघायला गॅरेजमध्ये गेले.